ऊतिप्रकाराची जुळणी : रक्तद्रवाच्या चाचणीपासून डीएनएच्या अक्षरवाचनापर्यंत

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला सख्खा भाऊ आपले मूत्रपिंड द्यायला तयार असतो, दोघांचा रक्तगटही जुळतो. तरीही डॉक्टर ‘आधी टिश्यू टायपिंग करून घ्या’ असे सांगतात. थॅलेसेमियाग्रस्त बालकाच्या पालकांना तर घरातील सर्वांचीच ही तपासणी करावी लागते. रक्तगट बहुतेकांना ठाऊक असतो, ऊतिप्रकार मात्र क्वचितच कोणाला माहीत असतो. प्रत्यारोपणाचे यश ज्यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, तो हा ऊतिप्रकार आता डीएनएचा क्रम अक्षरशः अक्षर-अक्षर वाचून ठरवला जातो. ही तपासणी नेमकी काय आहे, ती कशी होते आणि तिच्यामुळे मराठवाड्यातील रुग्णांसाठी काय बदलले, याचा हा आढावा.

ऊतिप्रकार म्हणजे काय?

एखादी ऊती यकृताची आहे की त्वचेची, हे ओळखणे म्हणजे ऊतिप्रकार ठरवणे नव्हे. शरीरातील पेशींच्या पृष्ठभागावर असणारी ओळखपत्रे तपासणे, असा या शब्दाचा अर्थ आहे. या ओळखपत्रांना ‘ह्यूमन ल्युकोसाइट अँटिजेन’ किंवा थोडक्यात ‘एचएलए’ म्हणतात. ती प्रथिने असून त्यांची जनुके सहाव्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एकमेकांच्या शेजारी वसलेली आहेत.

या प्रथिनांचे मूळ काम प्रत्यारोपणाशी संबंधित नाही. पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर आणून ते रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी-पेशींना दाखवणे, हे त्यांचे काम. पेशीत विषाणू शिरला असेल तर त्याचा तुकडा याच मार्गाने बाहेर दिसतो आणि ती पेशी नष्ट केली जाते. ऑस्ट्रेलियात १९७४ मध्ये हे कार्य उलगडणाऱ्या पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ए, बी आणि सी ही पहिल्या वर्गातील प्रथिने केंद्रक असलेल्या जवळजवळ सर्व पेशींवर असतात. डीआर, डीक्यू आणि डीपी ही दुसऱ्या वर्गातील प्रथिने प्रामुख्याने प्रतिकार यंत्रणेच्या पेशींवर आढळतात. परक्या व्यक्तीचा अवयव शरीरात आला की टी-पेशींना प्रथम खटकते ते हे अनोळखी ओळखपत्र. अवयव नाकारला जाण्याची प्रक्रिया तेथून सुरू होते.

रक्तगटापेक्षा हे वेगळे कसे?

कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेले ए, बी, ओ रक्तगट मोजकेच आहेत. त्यातील दुर्मीळ अपवादही महाराष्ट्रातच प्रथम ध्यानात आला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत नोंदवलेला हा गट आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. त्या गटाच्या रुग्णासाठी रक्त शोधताना रक्तपेढ्यांची कशी तारांबळ उडते, हे वृत्तपत्रांच्या वाचकांस परिचित आहे.

एचएलएच्या बाबतीत मात्र दुर्मीळता हाच नियम आहे. ज्ञात असलेल्या एचएलए जनुकांच्या निरनिराळ्या रूपांची संख्या आता ४० हजारांच्या पुढे गेली असून, त्यांची आंतरराष्ट्रीय सूची १९९८ पासून संगणकीय स्वरूपात राखली जाते. प्रत्येक व्यक्तीला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन संच मिळतात. त्यामुळे नात्याबाहेरील दोन व्यक्तींचा ऊतिप्रकार तंतोतंत जुळणे हा योगायोगच ठरतो.

विशेष म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपणात रक्तगट न जुळणारा दाताही चालू शकतो. दात्याच्या मूळपेशी रुजल्यानंतर रुग्णाचा रक्तगट कालांतराने दात्यासारखा होतो. ऊतिप्रकारात मात्र अशी मोकळीक फारच थोडी आहे.

घरात जुळणी मिळण्याचे गणित

एचएलएची जनुके एकमेकांना खेटून असल्याने संपूर्ण संच सहसा एकगठ्ठा पुढील पिढीत जातो. म्हणून अपत्याची आई किंवा वडील यांच्याशी अर्धी जुळणी हमखास असते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता २५ टक्के, अर्ध्या जुळणीची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के असते.

रुग्णाला दोन भावंडे असतील तर किमान एक पूर्ण जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तीन असतील तर सुमारे ५८ टक्के होते. पूर्वीच्या भरल्या घरांत ही बाजू भक्कम होती. आता एक-दोन अपत्यांच्या शहरी कुटुंबांत ती लंगडी पडली आहे. एकच भावंड असलेल्या चार रुग्णांपैकी सरासरी तिघांना दाता घराबाहेर शोधावा लागतो किंवा अर्ध्या जुळणीवर भागवावे लागते. पती-पत्नी रक्ताच्या नात्याचे नसल्याने त्यांची जुळणी कमीच असते. तरीही प्रभावी औषधांमुळे पत्नीने पतीला किंवा पतीने पत्नीला मूत्रपिंड देणे शक्य होते.

रक्तद्रवाच्या चाचणीचा काळ

या विद्येचा आरंभ १९५८ च्या सुमारास झाला. फ्रान्समधील ज्याँ दोसे यांनी त्या वर्षी पांढऱ्या पेशींवरील पहिल्या प्रतिजनाचे वर्णन केले आणि १९८० मध्ये ते नोबेलचे सहमानकरी ठरले. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात, गर्भातील पित्याकडच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात, हे त्याच सुमारास ध्यानात आले. अशा मातांचे रक्तद्रव हीच पुढे चाचणीची मुख्य सामग्री झाली.

अमेरिकेतील पॉल तेरासाकी यांनी १९६४ मध्ये या चाचणीला सुटसुटीत रूप दिले. लहान खळगे असलेल्या तबकडीत वेगवेगळी रक्तद्रवे थेंबाथेंबाने ठेवायची, त्यात तपासावयाच्या व्यक्तीच्या पांढऱ्या पेशी मिसळायच्या आणि कोणत्या खळग्यातील पेशी मरतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, अशी ही पद्धत. भारतातही प्रत्यारोपणाची पहिली पर्वे याच पद्धतीच्या आधारे पार पडली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ मध्ये देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तेव्हा तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली होती.

या पद्धतीच्या दोन मर्यादा होत्या. चाचणीला जिवंत पेशी लागत, त्यामुळे नमुना ताजाच प्रयोगशाळेत पोहोचणे आवश्यक असे. दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. रक्तद्रवाला ओळखपत्राचा केवळ बाह्य आकार कळे, त्यावरचा मजकूर कळत नसे.

‘ए-२’ म्हणजे नेमके कोणते ‘ए-२’?

ही अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रक्तद्रवाच्या चाचणीत रुग्ण आणि दाता दोघेही ‘ए-२’ निघाले की जुळणी झाली, असे मानले जाई. परंतु ‘ए-२’ हे एक प्रथिन नसून तो गोतावळा आहे, आणि त्यात आज शेकडो रूपांची नोंद आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत ‘ए*०२:०१’ हे रूप प्राबल्याने आढळते. भारतीयांत ‘ए*०२:११’ हे रूप लक्षणीय प्रमाणात आढळते, जे जगात इतरत्र विरळ आहे. जुन्या चाचणीला हे दोघे सारखेच दिसत. टी-पेशींना मात्र त्यांतील फरक समजतो.

या नावांची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. पहिले अक्षर जनुकाचे, तारांकनानंतरचे दोन आकडे गटाचे आणि त्यापुढील आकडे नेमक्या प्रथिनाचे. २०१० पासून या आकड्यांमध्ये विसर्गचिन्ह घालण्याची पद्धत रूढ झाली. अहवालात केवळ ‘ए*०२’ असेल तर ती ढोबळ तपासणी. ‘ए*०२:११’ असे असेल तर ती सूक्ष्म तपासणी, एवढे रुग्णाच्या नातेवाइकांनी जाणून घेतले तरी पुष्कळ.

डीएनएचे वाचन कसे होते?

कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर तंत्रामुळे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणे शक्य झाले. करोना साथीत हे नाव घरोघरी पोहोचले. त्याच तंत्राने एचएलए जनुकांच्या प्रती काढून, ठराविक क्रम ओळखणाऱ्या शोधकांच्या साहाय्याने त्यांचा गट ठरवला जाऊ लागला. पुढची पायरी म्हणजे थेट क्रम वाचणे, अर्थात डीएनए सिक्वेन्सिंग. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये विकसित केलेली वाचनपद्धती १९९० च्या दशकात ऊतिप्रकारासाठी वापरली जाऊ लागली.

सँगर पद्धतीत आईकडील आणि वडिलांकडील अशा दोन्ही प्रती एकाच वेळी वाचल्या जातात. दोन पाने एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरल्यास अक्षरे दिसतात, पण कोणते अक्षर कोणत्या पानावरचे हे सांगता येत नाही, तसाच हा प्रकार. त्यामुळे काही निष्कर्ष संदिग्ध राहत. नव्या पिढीची यंत्रे प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आणि असंख्य वेळा वाचतात. परिणामी दोन प्रती वेगळ्या करता येतात. अलीकडील लांब तुकडे वाचणारी यंत्रे तर संपूर्ण जनुक एका दमात वाचून काढतात.

प्रत्यक्ष प्रक्रिया अशी असते. दंडातून काही मिलिलीटर रक्त घेतले जाते किंवा गालाच्या आतील बाजूवरून कापसाचा बोळा फिरवला जातो. केंद्रक असलेल्या सर्व पेशींतील डीएनए सारखाच असल्याने दोन्ही नमुने चालतात. त्यातून डीएनए वेगळा काढून एचएलए जनुकांच्या प्रती तयार केल्या जातात, प्रत्येक व्यक्तीच्या तुकड्यांना ओळखखूण जोडली जाते आणि अनेकांचे नमुने एकाच वेळी यंत्रात वाचले जातात. शेवटी संगणक वाचलेला क्रम आंतरराष्ट्रीय सूचीशी ताडून पाहतो. अहवालास काही दिवस लागतात.

विद्यापीठातील वाचन आणि रुग्णालयातील वाचन

डीएनएचा क्रम वाचून ओळख पटवणे या शहराला नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डीएनए बारकोडिंग आणि जैवविविधता अभ्यासाचे केंद्र असून त्याला पॉल हेबर्ट या कॅनडास्थित शास्त्रज्ञाचे नाव आहे. जनुकाच्या एका ठराविक तुकड्यावरून प्रजाती ओळखता येते, ही कल्पना हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली.

दोन्ही ठिकाणी वाचनाचे तंत्र एकच. शोध मात्र उलट दिशेचा. बारकोडिंगसाठी असा तुकडा निवडतात, जो एका प्रजातीच्या सर्व प्राण्यांत जवळजवळ सारखा असतो. ऊतिप्रकारासाठी माणसामाणसांत सर्वाधिक भिन्नता असलेला भाग वाचला जातो.

मराठवाड्यासारख्या भागासाठी डीएनए पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ प्रवासाशी निगडित आहे. जिवंत पेशींची अट गेल्याने जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्त दूरच्या शहरातील प्रयोगशाळेत कुरियरने पाठवता येते. गालाचा बोळा तर टपालानेही जातो. बीड किंवा हिंगोलीच्या कुटुंबातील पाच जणांनी केवळ तपासणीसाठी मुंबई गाठण्याची गरज त्यामुळे उरलेली नाही.

मूत्रपिंडाला ढोबळ, अस्थिमज्जेला काटेकोर

मूत्रपिंड प्रत्यारोपणात परंपरेने ए, बी आणि डीआर या तीन जनुकांचे मिळून सहा प्रतिजन पाहिले जातात. जुळणी जितकी चांगली तितके मूत्रपिंड अधिक काळ टिकण्याची शक्यता वाढते. परंतु १९८० च्या दशकात आलेल्या सायक्लोस्पोरिनमुळे आणि पुढील औषधांमुळे जुळणी कमी असली तरी शस्त्रक्रिया होऊ शकते. येथे निर्णायक ठरते ती ‘क्रॉसमॅच’ तपासणी. पूर्वी दिलेले रक्त, बाळंतपण किंवा आधीचे प्रत्यारोपण यांमुळे रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली असतील तर मूत्रपिंड काही तासांतही निकामी होऊ शकते.

मेंदूमृत दात्याच्या बाबतीत घड्याळ वेगाने धावते. शहरातून २०१६ मध्ये अशा दात्याचे हृदय विमानाने मुंबईला पाठवण्यात आले होते. हृदय शरीराबाहेर साधारण चार ते सहा तासच टिकते, मूत्रपिंड सुमारे एक दिवस. दिवसांची सवड नसल्याने अशा वेळी काही तासांत निष्कर्ष देणाऱ्या पीसीआर चाचण्या वापरल्या जातात. मराठवाड्यातील अवयववाटपाचे समन्वयन शहरातील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र करते.

अस्थिमज्जेची गोष्ट निराळी. येथे रुग्णाला दात्याची प्रतिकार यंत्रणाच दिली जाते. जुळणी नसेल तर रुग्णाचे शरीर दात्याच्या पेशी नाकारू शकते. उलट दात्याच्या पेशीही रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर आणि यकृतावर हल्ला चढवू शकतात. म्हणून ए, बी, सी आणि डीआरबी-१ यांची आठपैकी आठ किंवा डीक्यूबी-१ धरून दहापैकी दहा अशी सूक्ष्म जुळणी पाहिली जाते. डीएनए वाचनाचे खरे मोल येथे कळते. पूर्ण जुळणी नसल्यास आई, वडील किंवा भावंडाकडून अर्ध्या जुळणीचे प्रत्यारोपण करण्याचे तंत्रही आता प्रस्थापित झाले आहे. तो मार्ग उपलब्ध असला तरी पूर्ण जुळणीचा दाता मिळाला तर प्रथम पसंती त्यालाच असते.

यंत्र आहे, दाता कुठे आहे?

कळीचा प्रश्न येथूनच सुरू होतो. जगभरातील नोंदवह्यांमध्ये चार कोटींहून अधिक स्वेच्छा दाते आहेत; मात्र त्यांत भारतीयांचा वाटा अल्प आहे. चेन्नई येथे २००९ मध्ये सुरू झालेली ‘दात्री’ ही देशातील मोठी नोंदवही असून तिच्यात पाच लाखांहून अधिक दाते आहेत. १४० कोटींच्या देशाच्या मानाने हा आकडा फार तोकडा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीनुसार तेथील श्वेतवर्णीय रुग्णास पूर्ण जुळणीचा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के, तर आशियाई वंशाच्या रुग्णास ४७ टक्के आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबातील रुग्णही आशियाई गटातच मोडतो आणि त्याच्या जुळणीचा शोध अखेर भारताकडे वळतो.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. पिढ्यानपिढ्या जातीतच विवाह होत राहिल्याने एचएलएचे विशिष्ट संच विशिष्ट समाजांत एकवटले आहेत. इरावती कर्वे आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९६८ मध्ये महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण जातींचा तुलनात्मक जैविक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सामाजिक श्रेणी एकच असली तरी या जाती जैविकदृष्ट्या एकमेकींपासून भिन्न असल्याचे त्यात दिसले. तोच धडा ऊतिप्रकाराला लागू होतो. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक अधिक आहेत. त्या समाजातील बालकाला जुळणारा दाता त्याच समाजात मिळण्याचा संभव अधिक. पारधी, बंजारा किंवा कोळी कुटुंबातील रुग्णाच्या बाबतीतही हेच खरे. ज्या समाजातील कोणीच नोंदवहीत नाही, त्या समाजाच्या रुग्णाचा डीएनए कितीही अचूक वाचला तरी त्याच्यासमोरचा रकाना रिकामाच राहतो.

खासगी पेढीत बाळाच्या नाळेतील रक्त साठवले की हा प्रश्न सुटतो, असा समज शहरी पालकांत आहे. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारात बाळाच्या स्वतःच्या नाळेतील पेशींतही तोच दोष असतो; त्यामुळे त्या त्याच बाळाला उपयोगी पडत नाहीत.

कायदा काय सांगतो?

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. तो करावा असा ठराव करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश होते. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचा समावेश झाला आणि जवळच्या नातेवाइकांच्या यादीत आजी-आजोबा व नातवंडे यांची भर पडली. दाता आणि रुग्ण यांचे नाते कागदपत्रांवरून निःसंशय सिद्ध होत नसेल तर डीएनए चाचणीचा आधार घेतला जातो. मात्र ऊतिप्रकार जुळला म्हणजे नाते सिद्ध झाले, किंवा जुळला नाही म्हणजे नाते खोटे, असा निष्कर्ष काढता येत नाही. सख्खी भावंडेही चारांत एकदा अजिबात जुळत नाहीत.

प्रत्यारोपणाबाहेरील उपयोग

ऊतिप्रकाराच्या वाचनाचा उपयोग औषधोपचारातही होतो. ‘बी*५७:०१’ हे रूप असलेल्या एचआयव्हीबाधितांना अबाकाविर या औषधाची तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते. ‘बी*१५:०२’ असलेल्यांना अपस्मारावरील कार्बामाझेपिनमुळे त्वचेचा प्राणघातक विकार जडू शकतो. कंबर व पाठीचा कणा आखडवणाऱ्या संधिविकाराच्या निदानात ‘बी-२७’ ही तपासणी नित्याची झाली आहे.

नोंदणी करावयाची असल्यास

• साधारणतः १८ ते ५० वयोगटातील निरोगी व्यक्तीला मूळपेशी दाता म्हणून नोंद करता येते. संस्थेनुसार वयोमर्यादा थोडी बदलते.

• नोंदणीच्या वेळी केवळ गालाचा बोळा घेतला जातो. त्यावरून ऊतिप्रकार वाचून नोंदवहीत ठेवला जातो.

• जुळणी निघाल्यास बहुधा पाच दिवस इंजेक्शने देऊन दंडातील शिरेतून मूळपेशी गोळा केल्या जातात. हे काम काही तासांचे असते. शस्त्रक्रियेची गरज सहसा पडत नाही आणि पेशींची भर काही आठवड्यांत निघते.

• नोंदणीपूर्वी घरच्यांशी बोलून निर्णय पक्का करावा. रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी नष्ट केल्यानंतर दात्याने ऐनवेळी नकार दिला तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

• थॅलेसेमियाग्रस्त बालकांसाठी कोल इंडियाच्या साहाय्याने २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजने’त प्रत्यारोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. यासाठी भावंडांची एचएलए तपासणी लवकर करून घेणे हिताचे आहे.